उरलेला रंग

आमच्या दुकानात खिळे वजनावर मिळतात,
आणि दर सोमवारी, तराजूच्या वरच्या चिमट्याला,
एक फोटो फुकट.

फोटो ग्रिसेल्दा ओयार्सुनचा.
ती पाण्याचे मीटर वाचते.
वालपाराइसोच्या टेकड्या, रोज हजारेक पायऱ्या,
गळ्यात ओळखपत्र, खिशात बिस्किटं.
कुत्र्यांसाठी, असं ती म्हणते.
आकडा टिपून झाला की भिंतीला नाक लावते
आणि मोबाइल नाकापुढे.
घर येत नाही तिच्या फोटोत. माणूस तर नाहीच.
येतो पन्हाळी पत्र्याच्या दोन लाटांमधला गंज,
कठड्याची सावली पायरीवर मोडते ती नेमकी जागा,
निवडणुकीच्या पोस्टरवरचा शिल्लक राहिलेला एक कान.

खाली तिच्या गोल अक्षरात प्रश्न.
फोटोशी त्याचा संबंध?
शपथेवर सांगते, काहीही नाही.

पत्ता शोधताना ड्रायव्हर रेडिओ का बारीक करतो?
घर काय कानाने सापडतं?

चिकटपट्टीचं टोक रात्री कुठे जातं?

एकही कुलूप न उघडणारी किल्ली
फेकायला गेलं की हात का अडतो?
(त्या आठवड्यात सात जणांनी किल्ल्या आणून दिल्या.
डबा अजून माझ्याकडे आहे. माझाही हात अडला.)

गिऱ्हाइकं सुट्टे पैसे मोजता मोजता वर बघतात.
शिवणवाली ओर्तेन्सिया म्हणते, हा तर कोटाचा आतला कपडा.
मासेवाला म्हणतो, बांगड्याची पाठ, तीही शिळ्या.
गवंडी काहीच म्हणत नाही,
फोटो काढतो, उलटा करून लावतो,
आता बघा.
दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुन्हा फिरवतं.
सकाळी समुद्र असलेला गंज संध्याकाळी नकाशा होतो
आणि आम्ही त्यावर अजून न वसलेली गावं शोधतो.

जुलैत, धुकं दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं असताना,
एक निळा फोटो लागला.
निळ्यावर पिवळी रेघ, आडवी, जाड होत गेलेली.
प्रश्न: उरलेला रंग कधी पुरत नाही
आणि कधी संपतही नाही, असं का?

दोन एलेउतेरियो नळाचा वॉशर घ्यायला आले होते.
वर बघितलं. टोपी काढली.
“हा माझा आहे,” म्हणाले.
“फोटो?”
“निळा.”

बोटीच्या कारखान्यातून आणलेला अर्धा डबा.
बायकोला भिंत पिवळी हवी होती.
अबोला धरून दोघांनी दोन टोकांनी सुरुवात केली,
दुपारी खिडकीखाली गाठ पडली,
ओले ब्रश, आणि कोणाच्याच डब्यात
पुढचं भांडण भागेल इतका रंग नाही.
“ओघळ तिचा. हात नेहमी सैल.
आणि ओघळ आडवा कसा असेल, बाई?
सरळ लावा.”

मी फोटो सरळ लावला.
ते बघत उभे राहिले, मग गेले.
वॉशर काउंटरवर तसाच.

सोमवारी ग्रिसेल्दाला सगळं सांगितलं.
ती बिस्किट खात होती. कुत्रा आसपास नव्हता.
“तरीच,” ती म्हणाली, “त्या घरी कोणी नसलं
तरी मीटरचा काटा हलत असतो,
कोणीतरी दाराआडून बघावं तसा.”
मी वॉशर तिच्या हातात ठेवला.
पैसे मागितले नाहीत. (मागायला हवे होते. तीन महिने झाले.)

नवा फोटो राखाडी आहे, मध्ये पांढरा ठिपका.
वरची बाजू कुठली, गवंड्यालाही कळेना.
प्रश्न: गळका नळ रात्रीच का मोठ्याने बोलतो?

काल कोणीतरी खाली पेन्सिलीने लिहून गेलंय,
थरथरत्या, सुतारी अक्षरात:
दिवसा आपण त्याला बोलू देत नाही.
माझा आता गप्प आहे. करमत नाही.